छोट्या ट्रकला घरचा टेकू

ट्रक खेळण्यातला असला, तरी त्याच्यावर येणारा भार खेळण्यातला नसतो. रेडिओलहरींच्या साहाय्याने दुरून चालवावयाचे हे छोटे ट्रक परदेशांत मुलांइतकेच मोठ्यांच्याही हौसेचे आहेत. अमेरिकेतील टेक्सासच्या ट्रॅक्सस कंपनीने 1999 साली बाजारात आणलेला टी-मॅक्स हा त्यांतला एक प्रसिद्ध ट्रक. त्यात लहानसे, पण खरेखुरे इंजिन असते. चारही चाकांना गती, मोठाले टायर, आणि उंचवट्यावरून उडी मारण्याची ताकद! पण उडी मारली की खाली यावेच लागते, आणि आपला विषय तेथेच सुरू होतो.

या ट्रकच्या तळाशी ॲल्युमिनियमचा एक लांबट पत्रा असतो. हीच त्याची चॅसिस. इंजिन आणि गिअरपेटी मध्यभागी. चाके दोन्ही टोकांना. ट्रक जमिनीवर आदळला, की चाके टोकांना वर रेटतात आणि मधला बोजा खाली जाऊ पाहतो. दोन दगडांवर फळी ठेवावी आणि मधोमध कोणी उडी मारावी, तसेच हे. असे वारंवार झाले, की पत्र्याला कायमचा बाक येतो.

आता आपण म्हणाल, थोडासा वाकला तर बिघडले कुठे? बिघडते ते असे. इंजिनाचे दातेरी चाक आणि गिअरपेटीचे दातेरी चाक यांच्यात अगदी बारीक, नेमके अंतर लागते. पत्रा वाकला की ते अंतर बदलते. दाते नीट बसत नाहीत, झिजतात, तुटतात. म्हणजे दुखणे कण्याचे आणि खर्च दातांचा!

मग जाड पत्रा घालावा काय? पत्र्याची जाडी दुप्पट केली, तर त्याचा ताठपणा आठपट होतो, हे खरे. पण वजनही दुप्पट होते, आणि जड गाडी पडतेही जोराने. त्यापेक्षा सोपी युक्ती आहे.

शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. दोन पुस्तकांवर एक पोस्टकार्ड आडवे ठेवा आणि मध्ये नाणी ठेवा. कार्ड वाकेल. आता त्याच्या दोन्ही लांब कडा वर दुमडून पन्हळीसारखा आकार द्या. तेच कार्ड अधिक नाणी पेलेल. कागद वाढला नाही. कागदाचा काही भाग उंच गेला, एवढेच.

ट्रकचे हौशी लोक हेच करतात. पत्रा मध्ये दबला, की पुढचा आणि मागचा उभा भाग एकमेकांकडे कलू लागतात. त्यांच्या वरच्या टोकांमध्ये एक नळी घट्ट बसविली, तर ती त्यांना जवळ येऊ देत नाही. ही नळी पत्र्यापासून जितकी उंच, तितका तिचा उपयोग अधिक. नळी पोकळ असावी. त्याच वजनाची बारीक भरीव सळई दाबाखाली लवकर बाजूला वाकते.

नळी घरीही करता येते. ॲल्युमिनियमची नळी मापाने कापावी, टोके व्हाइसमध्ये हळूहळू चपटी करावीत, भोके पाडावीत आणि कडा कानशीने घासून गुळगुळीत कराव्यात. बोथट न केलेल्या कडेपासूनच पुढे चीर जाते. बसवताना पत्रा सपाट टेबलावर सरळ असला पाहिजे. भोके जुळत नसतील, तर नळी ओढूनताणून बसवू नये. नाही तर बाक आपणच पक्का करून ठेवू. शक्यतो मूळचेच स्क्रू जरा लांब घेऊन वापरावेत. पत्र्याच्या मध्यभागी नवे भोक पाडणे म्हणजे, जेथे ताण सर्वांत अधिक, तेथेच त्याला दुबळे करणे.

एक सावधगिरी मात्र हवी. टेकूने धक्का नाहीसा होत नाही, तो पुढे जातो. धक्का गिळण्याचे काम चाकांजवळच्या स्प्रिंगांचे आहे. त्या नीट नसतील, तर पत्रा वाचेल, पण दुसरे काही तरी मोडेल.

आपल्या शेताच्या फाटकावरची तिरकी पट्टी आठवा. ती काढली, की फाटक एका बाजूस झुकून जमिनीला घासू लागते. शाळेतला डुगडुगणारा बाकही मागच्या पायांमध्ये अशीच एक पट्टी तिरकी ठोकली, की स्थिर होतो. मजबुतीसाठी नेहमीच अधिक लाकूड किंवा लोखंड लागते असे नाही. आहे तेच योग्य जागी लागावे लागते.