डोळा लवतो तेव्हा

सकाळच्या चहाच्या वेळी घरातील आजी हळूच म्हणतात, 'उजवा डोळा लवतो आहे. काही अशुभ तर घडणार नाही ना?' परगावी असलेल्या मुलाच्या काळजीने त्यांचा दिवस जातो. आजोबांचा उजवा डोळा लवला, तर तोच शुभशकुन ठरतो आणि त्याकडे कोणी पाहतही नाही. दोन्ही प्रसंगी शकुनाचा विचार होतो, डोळ्याचा होत नाही.

हा समज फार जुना आहे. संस्कृतात अशा हालचालीला 'स्फुरण' म्हणतात. 'स्फुर्' या धातूचा अर्थ कंप पावणे, फडफडणे. कालिदासाच्या 'शाकुंतला'त आश्रमात प्रवेश करताना दुष्यंताचा बाहू स्फुरतो, तर पुढे राजसभेत शकुंतलेचा उजवा डोळा स्फुरतो आणि ती शंकित होते. मराठीत हा शब्द बहुतांशी मनाकडे वळला. आपल्याला कविता स्फुरते, वीराला स्फुरण चढते. पापणीसाठी मात्र आपण 'लवणे' म्हणतो. लवणे म्हणजे वाकणे. 'लवून नमस्कार' यातही तेच क्रियापद आहे.

या दोन्ही शब्दांत एक सूक्ष्म निरीक्षण दडले आहे. 'मी डोळा लववला' असे कोणी म्हणत नाही. डोळा लवतो, बाहू स्फुरतो. ही हालचाल आपल्या इच्छेने होत नाही, हे पूर्वजांनी अचूक ओळखले होते. तिचे कारण मात्र त्यांनी दैवात शोधले.

वैद्यकशास्त्र ते कारण शरीरात शोधते. पापणीच्या स्नायूंतील काही तंतू आपोआप आकुंचन पावू लागले की पापणी लवते. अपुरी झोप, मानसिक ताण, चहा-कॉफीचा अतिरेक, डोळ्यांचा कोरडेपणा किंवा त्यांवरील ताण ही नेहमीची निमित्ते होत. बहुधा काही दिवसांत, क्वचित काही आठवड्यांत हा त्रास आपोआप थांबतो. पुरेशी विश्रांती, चहा-कॉफीत कपात आणि कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या स्वच्छ कापडाचा हलका शेक यांनी आराम पडतो.

अशा इतर तक्रारींसाठीही आपल्या भाषेत वेगवेगळे शब्द आहेत. स्वस्थ बसले असता हात तालबद्ध हलतो, ती थरथर; ती कंपवाताची खूण असू शकते. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या विकाराचे वर्णन १८१७ मध्ये केले. रात्री पोटरी कळ येऊन आवळते, तो पेटका. झोप लागता लागता अंग दचकते, ते बहुधा निरुपद्रवी असते. परंतु शुद्ध हरपून हातपाय झटकू लागले, तर ती आकडी असू शकते आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी लागते. रुग्णाने नेमका शब्द वापरला, तर डॉक्टरांचे काम सोपे होते. 'अंग हलते' एवढ्याने त्यांना फारसा बोध होत नाही.

पुढील लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना अवश्य भेटावे: पापणी तीन आठवड्यांहून अधिक काळ लवत राहणे, डोळा पूर्ण मिटणे, त्याच बाजूचा गाल वा ओठ ओढला जाणे, पापणी खाली उतरणे, डोळा लाल होणे, हातापायांतील शक्ती कमी होणे. चेहरा एकाएकी वाकडा झाला, बोलणे अडखळू लागले किंवा एक हात लुळा पडला, तर पक्षाघाताची शंका घेऊन क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. नवे औषध सुरू केल्यानंतर असा त्रास उद्भवला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. औषध परस्पर बंद करू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एवढे लिहून ठेवावे: कोणता अवयव, केव्हापासून, किती वेळ, झोपेत थांबतो का. आणि आजींच्या शकुनाला हसू नये. हसल्यास पुढच्या वेळी त्या सांगणारच नाहीत. त्यांच्याजवळ बसून विचारावे, 'आजी, केव्हापासून लवतो आहे? रात्री झोप लागली होती का?' त्यांच्या मनातील भीती तिथेच निम्मी ओसरेल आणि उरलेल्या तक्रारीवर उपाय करता येईल.