समुद्री मत्स्यटाकी आणि नळाचे पाणी

शिरूर अनंतपाळ तालुक्यातील काही तरुण शेतकऱ्यांनी व शिक्षकांनी अशी विचारणा केली आहे की, समुद्रातील रंगीत मासे घरी काचेच्या लहान टाकीत ठेवावयाचे झाल्यास त्यासाठी नळाचे पाणी चालेल काय? गोड्या पाण्यातील शोभिवंत मासे आपल्याकडे पुष्कळांनी पाळले आहेत. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे तर गावोगावच्या हौदांत सोडलेले असतात. हे मासे नळाच्या पाण्यात सुखाने राहतात, म्हणून समुद्री मासेही राहतील, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु तो समज बरोबर नाही. समुद्री टाकीत नळाचे अगर कूपनलिकेचे पाणी जसेच्या तसे वापरू नये. त्याची कारणे समजून घेतली तर अधिक स्वस्त व अधिक चांगला उपाय आपल्या अंगणातच आहे, हेही ध्यानात येईल.

प्रारंभीच कायद्याची एक बाब सांगितली पाहिजे. अशा टाक्यांची चित्रे आपण पाहतो त्यांत जिवंत प्रवाळ असतात. आपल्या देशात भित्ती बांधणारे प्रवाळ २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. समुद्रघोडाही त्याच साली संरक्षित झाला. मालवणच्या किनाऱ्यावर प्रवाळ आहेत, पण तेथून अगर अन्य कोठूनही जिवंत वा मृत प्रवाळ आणणे हा गुन्हा होय. म्हणून या लेखात ज्या टाकीचा विचार केला आहे ती भाजलेल्या मातीच्या तुकड्यांवर उभारलेली, प्रजनन केंद्रात वाढविलेले क्लाउनफिश व काही गोगलगाई, कोळंबी ठेवण्याची टाकी आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या अनेक जातींचे बंदिस्त प्रजनन साध्य केले असल्यामुळे समुद्रातून पकडलेल्या माशांच्या मागे लागण्याचे कारण उरलेले नाही.

माठावरचा पांढरा थर

उन्हाळ्याच्या अखेरीस माठाच्या बाहेरील अंगावर पांढरा थर साचलेला प्रत्येक घरात दिसतो. माठ पाझरतो, पाझरलेले पाणी वाऱ्याने उडून जाते आणि पाण्यातील क्षार मागे राहतात. कूपनलिकेच्या मचूळ पाण्यावर वर्षानुवर्षे ऊस घेतलेल्या काळ्या जमिनीत, विशेषतः निचरा नसेल तेथे, हेच घडते. समुद्री टाकीतही हेच घडते, फरक इतकाच की तेथे जमिनीप्रमाणे वाफ्याखाली क्षार उतरवून देण्यास जागा नाही.

टाकीतील पाणी उडते तेव्हा मीठ उडत नाही. म्हणून रोज जी भर घालावयाची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. नवीन माणूस येथे हटकून चुकतो. खारे पाणी घालीत राहिल्यास टाकी दिवसेंदिवस अधिक खारट होत जाते. टाकीच्या काचेवर बाहेरून रंगाने पातळीची रेघ ओढून ठेवावी व दररोज सकाळी त्या रेघेपर्यंत गोडे पाणी भरावे. प्रश्न आहे तो हे गोडे पाणी कोणते, याचा.

आता हिशेब पाहू. साठ लिटरांची टाकी धरा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत खोलीतसुद्धा तिच्यातील पाणी पुष्कळ उडते. समुद्री माशांना २५ ते २७ अंश तापमान मानवते, त्यामुळे टाकीवर लहान पंखा लावावा लागतो आणि पंख्याने पाणी आणखी उडते. दिवसाला एक लिटर धरल्यास महिन्याला तीस लिटरांची भर पडते. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. समजा, आपल्या नळाचे पाणी नेमके या मर्यादेवर आहे, म्हणजे पिण्यास योग्य आहे. तीस लिटरांतून १,३५० मिलिग्रॅम नायट्रेट टाकीत जाईल, म्हणजे प्रत्येक लिटरमागे महिन्याला साडेबावीस मिलिग्रॅमची वाढ. पाणी बदलले नाही, तर चार महिन्यांत ती ९० मिलिग्रॅमवर जाते. माशांच्या विष्ठेपासून होणारे नायट्रेट याहून वेगळे. प्रवाळभित्तीवरील स्वच्छ समुद्रात नायट्रेट लिटरला एक मिलिग्रॅमहूनही कमी असते. क्लाउनफिश पुष्कळ सोसतो, परंतु टाकी हिरव्या शेवाळाने भरून जाते. पाणी बदलावे म्हटले, तर बदलण्याचे पाणीही नळाचेच असल्यास टाकीतील नायट्रेट नळातील प्रमाणाच्या खाली कधीच येणार नाही.

ज्या पाण्याला आपण जड म्हणतो, ज्यात डाळ शिजत नाही, ते त्याच्या जडपणामुळे वाईट ठरते असे मात्र नाही. समुद्राचे पाणी स्वतःच अतिशय जड असते. त्यात लिटरला सुमारे १,३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम व सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. आपल्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात विरघळलेली सिलिका असते, तिचा त्रास अधिक. तिच्यावर वाढणारी तपकिरी साय काचेवर व दगडांवर चढते आणि पुसली तरी पुन्हा येते. काही जण विचारतात की, आमच्या कूपनलिकेचे पाणी मुळातच खारट आहे, मग तेच समुद्री माशांना का घालू नये? समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात व त्यांचे परस्पर प्रमाण ठरलेले असते. कूपनलिकेचे खारट पाणी म्हणजे पातळ केलेला समुद्र नव्हे.

मोरचूद व तांब्याची भांडी

तांबे हे समुद्री गोगलगाई, कोळंबी यांस विष आहे. मोरचुदाने बुरशी मरते हे द्राक्ष व भाजीपाला पिकविणाऱ्यांस सांगावयास नको. त्याच धातूच्या अत्यल्प अंशाने हे प्राणी मरतात, आणि माशांना मात्र बरेच दिवस काही होत नाही. त्यामुळे दोष लवकर उमगत नाही. पिण्याच्या पाण्यात तांबे लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य मानले आहे व दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. माणसास ते अपायकारक नाही. पण वरच्याच हिशेबाने ०.०५ मिलिग्रॅमचे पाणी दोन महिने भरीस घातले, तर टाकीतही ०.०५ मिलिग्रॅम तांबे साचते, आणि एवढ्यावर कोळंबी व गोगलगाई धोक्यात येतात. ते वाळूत व तुकड्यांत धरून राहते, नंतर हळूहळू सुटते. म्हणून टाकीचे पाणी तांब्याच्या घागरीत वा पितळी पातेल्यात साठवू नये. बोर्डो मिश्रणाचे पिंप तर कितीही धुतले तरी या कामी घेऊ नये.

आता नळाच्या पाण्यातील क्लोरीनविषयी. आपल्या गावांत जलसुरक्षक पाण्यात टीसीएल पावडर मिसळतो. ती मिसळलीच पाहिजे. नळाच्या टोकाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन असणे हे पाणी निर्जंतुक असल्याचे लक्षण होय. माशांच्या कल्ल्यांस मात्र ते जाळते. उघड्या भांड्यात एक दिवस हवेचा पंप चालू ठेवल्यास हे क्लोरीन निघून जाते, किंवा सोडियम थायोसल्फेटने ते नाहीसे करता येते. येथेच पुष्कळांची फसगत होते. क्लोरीन गेले म्हणजे पाणी शुद्ध झाले असे वाटते, परंतु नायट्रेट, सिलिका व तांबे जेथल्या तेथे असतात. पाणी उकळल्यानेही ते जात नाहीत, उलट थोडे दाटच होतात. तुरटी व साधी मेणबत्तीची गाळणी यांचाही येथे उपयोग नाही.

गावात मिळणाऱ्या वीस लिटरांच्या जारचे पाणी चालेल काय, असाही प्रश्न येतो. ते आरओ यंत्रातून आलेले असले तरी चवीसाठी त्यात कच्चे पाणी पुन्हा मिसळण्याची पद्धत आहे. टीडीएस मोजण्याचे लहान यंत्र बाळगावे. आकडा दहाच्या आत असेल तर पाणी घ्यावे, शंभराच्या घरात असेल तर घेऊ नये. हे यंत्र एकूण क्षार दाखविते, कोणता क्षार ते सांगत नाही, हेही लक्षात असू द्यावे. घरच्या आरओ यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारणपणे तीन लिटर पाणी बाहेर पडते. ज्या जिल्ह्यात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे हौसेच्या माशांसाठी एवढे पाणी मोरीत सोडणे लेखकास प्रशस्त वाटत नाही. तसे यंत्र असल्यास बाहेर पडणारे पाणी फरशी व भांडी धुण्यास वापरावे, परंतु परसातील झाडांना तेच ते पाणी घालू नये. क्षार तेथे साचतील.

पावसाचे पाणी

या सर्वांवर उत्तम उपाय पावसाचा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी मिळते. तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद अशी नवी, स्वच्छ प्लॅस्टिकची ताडपत्री अंगणात चार खांबांना बांधून मध्ये झोळ दिला, तर पन्नास मिलिमीटरच्या एका चांगल्या पावसात साडेचारशे लिटर पाणी हाती येते. आता गरज किती ते पाहा. भरीसाठी महिन्याला तीस लिटर, आणि दर आठवड्यास सहा लिटर पाणी बदलावयाचे धरल्यास त्याचे सुमारे चोवीस, मिळून चौपन्न. हा आकडा उन्हाळ्याचा आहे. थंडीत पाणी कमी उडते. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांस सरासरी पन्नास धरले, तर चारशे लिटर, म्हणजे दोनशे लिटरांची दोन पिंपे पुरतात.

पाणी धरताना काही पथ्ये पाळावीत. मृगाचे पहिले एक-दोन पाऊस धूळ व कचरा घेऊन येतात, ते सोडून द्यावेत. पुढेही प्रत्येक पावसाचा पहिला पाव तास वाहू द्यावा. पत्र्याच्या छपराचे पाणी घेऊ नये, कारण पत्र्यावरील जस्त पाण्यात उतरते व तेही तांब्याप्रमाणेच कोळंबीस घातक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीनवर फवारण्या चालू असतात. घर शेताला लागून असेल तर फवारणी झाल्यानंतरच्या पहिल्या पावसाचे पाणी मुळीच धरू नये, कारण काही कीटकनाशकांचा नखाएवढा अंशही कोळंबीस पुरतो. पिंपे खाद्यपदार्थांच्या दर्जाची असावीत, औषधांची जुनी नसावीत. पाणी दुहेरी मलमलीतून गाळून, तोंड घट्ट बांधून, सावलीत ठेवावे. घट्ट बांधण्याचे दुसरे कारण डास हे आहे. आरोग्य कर्मचारी साठ्यांत अळीनाशक अ‍ॅबेट टाकतात, ते योग्यच आहे. पण तसे पाणी टाकीत जाता कामा नये. म्हणून आपले पिंप झाकलेले आहे व त्यात अळ्या नाहीत, हे त्यांस आधीच दाखवून द्यावे.

बदलण्याचे खारे पाणी याच पावसाच्या पाण्यात बाजारातील समुद्री क्षारमिश्रण लिटरला सुमारे ३५ ग्रॅम याप्रमाणे घालून तयार करावे. एक दिवस हवेच्या पंपाने ढवळत ठेवावे व हायड्रोमीटरने विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास असल्याची खात्री करावी. स्वयंपाकाच्या मिठाने हे काम होत नाही. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम नसल्यासारखेच असतात.

कार्यकर्त्यांसाठी

जल जीवन अभियानात अनेक गावांना पाणी तपासणीची क्षेत्रीय पेटी मिळालेली आहे व ती हाताळण्याचे शिक्षण गावातील महिलांस दिलेले आहे. टाकी घेण्यापूर्वी इच्छुकाने आपल्या नळाच्या पाण्यातील नायट्रेट या पेटीने तपासून घ्यावे. ते ४५ मिलिग्रॅमहून अधिक निघाले, तर प्रश्न माशांचा राहत नाही. असे पाणी सहा महिन्यांच्या आतील बालकाच्या वरच्या दुधात गेल्यास रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते व बालक निळे पडते. उकळल्याने हा दोष जात नाही, हे मातांस स्पष्ट सांगावे. स्रोताजवळ उकिरडा, शोषखड्डा अगर गोठा आहे काय ते पाहावे आणि नमुना जिल्हा पाणी तपासणी प्रयोगशाळेकडे त्वरित पाठवावा.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत (२०२०) परसातील शोभिवंत मत्स्यपालनास, गोड्या व समुद्री दोन्ही पाण्यांतील, साहाय्याची तरतूद करण्यात आली. तिची चालू स्थिती जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावी. समुद्र सुमारे चारशे किलोमीटर दूर असताना केवळ समुद्री माशांवर कर्ज काढावे, असे आम्ही कोणासही सुचविणार नाही. एक पावसाळा पाणी धरून व एक उन्हाळा साठ लिटरांची टाकी सांभाळून पाहावी. वीज गेल्यावर हवेचा पंप किती वेळ बंद राहतो, मे महिन्यात पाणी किती अंशांवर जाते, दररोज रेघेपर्यंत किती भर लागते, हे वहीत नोंदवीत जावे. ती वही घेऊन आलेल्या माणसाशी पुढील बोलणे सोपे जाते.