लहान फायलींचा विलंब

ज्या सर्व्हरवर एक गिगाबाइट आकाराची एकच चित्रफीत काही सेकंदांत लिहिली जाते, त्याच सर्व्हरवर तितक्याच आकाराचे, परंतु लक्षावधी बारीकसारीक फायलींनी भरलेले आर्काइव्ह उलगडण्यास अर्धाअर्धा दिवस लागावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी इतकी विसंगत भासते की, सर्व्हरचा कारभार पाहणारा मनुष्य बहुधा प्रोसेसरला दोष देतो आणि अधिक बलवान यंत्राची मागणी वरिष्ठांकडे गुदरून मोकळा होतो. प्रत्यक्षात अशा प्रकरणांत प्रोसेसर बहुतेक वेळा निर्दोष असतो. विलंबाचे मूळ आकारमानात नसून संख्येत असते, आणि ते ओळखण्यासाठी आर्काइव्ह म्हणजे काय, याचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

युनिक्सच्या जगात १९७९ साली सातव्या आवृत्तीबरोबर आलेली टार ही पद्धती चुंबकीय फितीसाठी निर्माण झाली. प्रत्येक फाइलीपूर्वी ५१२ बाइटांचे एक शीर्षक, त्यात नाव, मालक, परवानग्या, दिनांक व आकार यांचा तपशील, आणि त्यामागोमाग मूळ मजकूर, असा हा एकसलग प्रवाह असतो. १९९२ साली आलेली जीझिप हा सबंध प्रवाह दाबून लहान करते. तो पुन्हा मूळ रूपात आणणे आजच्या प्रोसेसरला मुळीच जड नाही. सेकंदाला शंभराहून अधिक मेगाबाइट तो सहज मोकळे करतो. खरा खर्च प्रवाहातून बाहेर पडलेली प्रत्येक फाइल डिस्कवर स्वतंत्रपणे स्थापन करण्यात होतो.

जमीन पाच गुंठे असो वा पन्नास एकर, तलाठ्याच्या दफ्तरी फेरफाराची नोंद घालणे, नोटीस बजावणे आणि मंडल अधिकाऱ्याने ती प्रमाणित करणे हे सोपस्कार जसे चुकत नाहीत, तसेच फाइल तीनशे बाइटांची असो वा तीनशे मेगाबाइटांची, तिच्यासाठी आयनोड, म्हणजे तिच्या तपशिलाची नोंद, राखून ठेवणे, डिरेक्टरीत नाव चढवणे, मालकी, परवानग्या व दिनांक लावणे आणि या सर्वांची जर्नलमध्ये टिपण ठेवणे फाइलव्यवस्थेला चुकत नाही. मोठ्या फाइलीत हा खर्च नगण्य ठरतो. लहान फाइलीत तोच मजकुराच्या कित्येक पट होतो.

डिस्क जुन्या पद्धतीची, फिरणाऱ्या तबकडीची असेल, तर हा हिशेब अधिकच विदारक होतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी आणि इकडून तिकडे सरकणारे शीर्ष यांच्या मर्यादेमुळे विखुरलेल्या ठिकाणची वाचने-लेखने सेकंदाला साधारणतः ऐंशी-शंभरच होतात. एक गिगाबाइट मजकूर चार किलोबाइटांच्या फायलींत विभागला, तर त्यांची संख्या २,६२,१४४ भरते. प्रत्येकीसाठी शीर्ष एकदाच हलवावे लागले आणि सेकंदाला ऐंशी हालचाली धरल्या, तरी सुमारे ५५ मिनिटे लागतील. लिनक्स पुष्कळसे लेखन स्मृतीत साठवून एकत्रितपणे डिस्ककडे पाठवते, म्हणून प्रत्यक्षात इतकी दुर्दशा नेहमी होत नाही. परंतु प्रत्येक लेखन तत्काळ पक्के करण्याचा आग्रह जेथे धरला जातो, तेथे हा आकडा अतिशयोक्त राहत नाही.

असा आग्रह विशेषेकरून एनएफएस या, जाळ्यावरून दूरची डिस्क वापरण्याच्या पद्धतीत आढळतो. १९९५ सालच्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीच्या नियमानुसार, नवी फाइल निर्माण झाल्याचे उत्तर देण्यापूर्वी दूरच्या सर्व्हरने ती नोंद स्थायी साठवणीवर पक्की केलेली असली पाहिजे. एका फाइलीसाठी पाच निरोपांची देवघेव आणि प्रत्येक निरोपास एक मिलिसेकंद धरला, तर लिनक्स कर्नलच्या मूळ प्रतीतील सत्तर हजारांहून अधिक फायलींसाठी जवळपास सहा मिनिटे नुसत्या प्रतीक्षेत जातात. आणि सर्व्हर दुसऱ्या शहरात असून निरोपास वीस मिलिसेकंद लागत असतील, तर हीच प्रतीक्षा दोन तासांच्या घरात पोहोचते. जाळ्याची रुंदी वाढवून या प्रतीक्षेत काडीचाही फरक पडत नाही.

म्हणून तपास क्रमाने करावा. प्रथम आर्काइव्ह मोकळे करून त्याचा प्रवाह डेव्ह-नल या शून्यस्थानी सोडून द्यावा. हे काम झटपट झाले, तर प्रोसेसर आणि आर्काइव्हचे वाचन दोन्ही संशयमुक्त झाले. नंतर तेच आर्काइव्ह स्मृतीतील तात्पुरत्या फाइलव्यवस्थेत, मग स्थानिक डिस्कवर आणि शेवटी जाळ्यावरील डिस्कवर उलगडावे. ज्या पायरीवर वेळ एकाएकी वाढतो, तेथे दोष आहे. आयओस्टॅट हे साधन डिस्कच्या प्रतीक्षेचा हिशेब देते, तर स्ट्रेस हे साधन कर्नलला केलेल्या कोणत्या विनंतीत किती वेळ गेला ते सांगते. काही कारणे मात्र आडबाजूला दडलेली असतात: अनेक डिस्का एकत्र चालवणाऱ्या रेड कार्डाची बॅटरी निकामी झाल्याने त्याची लेखन-स्मृती बंद पडलेली असते, विषाणूरोधक प्रणाली प्रत्येक नव्या फाइलीची झडती घेत असते, किंवा टार प्रत्येक नाव मंदगती टर्मिनलवर छापत बसलेली असते.

उपायांतील पहिला आणि सर्वांत सोपा हा की, आर्काइव्ह जाळ्यावरून न उलगडता, डिस्क ज्या यंत्रात आहे तेथे ते अखंड पाठवून तेथेच उलगडावे. ते शक्य नसेल, तर फायलींचे गट पाडून अनेक प्रक्रिया एकाच वेळी चालवाव्यात, म्हणजे एकीच्या प्रतीक्षेत दुसरीचे काम होते. लेखन पक्के करण्याची अट शिथिल केल्यानेही वेग वाढतो. पण वीज गेल्यास माहिती नष्ट होण्याची जोखीम पत्करावी लागते, म्हणून जेथे मूळ आर्काइव्ह सुरक्षित आहे तेथेच हा मार्ग धरावा. फायली केवळ वाचायच्या असतील, तर २००९ पासून लिनक्स कर्नलमध्ये असलेली स्क्वॉशएफएस ही व्यवस्था त्या एकाच गठ्ठ्यात ठेवून थेट वाचू देते. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या हेस्टॅक या योजनेतही असंख्य छायाचित्रे थोड्याशा प्रचंड फायलींत एकत्र ठेवण्याचेच तत्त्व होते.

सर्व्हरचा कारभार ज्यांच्याकडे आहे त्यांना विनंती एवढीच की, नव्या यंत्रसामग्रीचा प्रस्ताव मंजुरीस पाठवण्यापूर्वी आर्काइव्हमधील फायलींची संख्या मोजावी, आणि त्या उलगडण्याची खरोखर गरज आहे काय, हा प्रश्न स्वतःला विचारावा.