आधी एवढी एक गोष्ट वाचा

१९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने पुढे दिग्दर्शक झालेल्या राही अनिल बर्वेला नारायण धारपांची एक कथा सांगितली. ती त्याच्या मनातून गेली नाही. पंचवीस वर्षांनी, २०१८ मध्ये, त्यातूनच 'तुंबाड' हा चित्रपट आला. त्या चित्रपटातल्या जखडून ठेवलेल्या म्हातारीमागे धारपांची 'आजी' ही कथा आहे. 'आजी'मागे अमेरिकी लेखक स्टीफन किंगची 'ग्रॅमा' आहे. आणि चित्रपटाचं नाव आलं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून. मेन राज्यातल्या एका घरात अंथरुणाला खिळलेल्या आजीजवळ एकटा राहिलेला मुलगा पुण्याच्या लेखकाच्या हातून मराठी झाला आणि पुढे कोकणातल्या पावसात पोहोचला. या सगळ्या प्रवासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो नागझिऱ्यातला मित्र. त्याने गोष्ट सांगितली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

भयकथा, विज्ञानकथा आणि अद्भुतकथा मराठीत अशाच तगल्या आहेत, एकाने दुसऱ्याला सांगून. समीक्षेने त्यांच्याकडे फार काळ 'करमणूक' म्हणूनच पाहिलं. वाचनालयांतल्या प्रती मात्र हाताळून हाताळून खिळखिळ्या झाल्या. अनंत अंतरकरांच्या 'हंस' आणि 'नवल' या मासिकांनी, पुढे 'धनंजय'च्या दिवाळी अंकांनी या कथांना हक्काची जागा दिली, आणि ते अंक घरोघर फिरले. म्हणून 'सध्या काय वाचतोयस?' या प्रश्नाला या साहित्यात फार मोल आहे. त्याचं उत्तर नीट देता यावं यासाठी हा लेख.

घरात शिरलेली भीती

'मला भुताखेतांचं आवडत नाही' असं म्हणणाऱ्याला बहुधा चुकीच्या टोकाने सुरुवात करून दिलेली असते. भयकथेचा खरा विषय भूत नसतोच. आपल्या ओळखीच्या, भरवशाच्या जागी काहीतरी परकं शिरलं तर आपण काय करू, हा तिचा प्रश्न असतो. त्यामुळे चांगल्या भयकथेत आधी घर उभं राहतं आणि मग भीती येते.

नारायण धारप (१९२५–२००८) यांचं सामर्थ्य इथे दिसतं. त्यांच्या कथेत सांगणारा माणूस बहुतेक वेळा साधा, नोकरीधंद्यातला, डोळ्यांनी पाहिल्याखेरीज न बोलणारा असतो. जागा, भाडं, शेजार, येण्याजाण्याच्या वेळा याविषयी तो सविस्तर बोलत राहतो. वाचक त्याच्यावर विश्वास ठेवतो आणि तिथेच अडकतो. इतका सरळ माणूस जिन्यावर पाऊल वाजलं म्हणतो, तेव्हा ते खोटं मानायला जागा उरत नाही. धारपांनी परदेशी बीजं घेतली हे लपलेलं नाही. 'लुचाई'मागे किंगची 'सेलम्स लॉट' आहे, 'शपथ'मागे 'इट' आहे. पण ती बीजं रुजली ती इथल्या वाड्यांत आणि इथल्या बोलण्यात, आणि म्हणूनच ती परकी वाटत नाहीत.

भित्र्या वाचकाला मी धारपांच्या 'समर्थ'कथांपासून सुरुवात करायला सांगतो. समर्थ हा अलौकिक शक्ती असलेला, तरी शांतपणे ऐकून घेणारा माणूस. तो आला की वाचकाला धीर येतो. संकट कितीही भयंकर असलं तरी त्यावर उपाय आहे, अशी या कथांची श्रद्धा आहे.

रत्नाकर मतकरींच्या (१९३८–२०२०) कथांत असा कुणी धावून येत नाही. त्यांनी आपल्या कथांना गूढकथा म्हटलं, आणि ते नाव नेमकं आहे. मत्सर, अपराधाची बोच, एकटेपण, कुणाविषयी तरी मनात दडवलेला राग यांतूनच तिथली भीती वाढते. शेवटी भूत होतं की मनाचा खेळ, हे ठरवणं वाचकावर येतं. 'खेकडा' किंवा 'मध्यरात्रीचे पडघम' यांपैकी एक संग्रह घ्यावा आणि रात्रीत एकच कथा वाचावी. सलग वाचल्या तर कथांची धार एकमेकींवर घासून बोथट होते.

आजच्या लेखकांत हृषीकेश गुप्ते यांचं नाव मी आधी घेईन. 'अंधारवारी' आणि 'घनगर्द' या संग्रहांत भीती आहेच. 'दंशकाल' कादंबरीत ती घराण्याच्या, वासनांच्या आणि वेडाच्या कहाणीत मुरलेली आहे. कोकणातल्या लोकसमजुतींनी या लेखनाला मोठं बळ दिलं आहे. आपल्याकडे प्रत्येक भुताला ठिकाण आणि रीत असते. मुंजा पिंपळावर, चकवा रानवाटेवर, देवचार गावाची राखण करणारा. रीत ठरलेली असते म्हणूनच ती मोडली की काय होईल, याचा धाक बसतो.

एक नियम बदलला तर

विज्ञानकथेला पुष्कळ जण बिचकतात ते 'मला फिजिक्स कळत नाही' म्हणून. तिचं सूत्र मात्र अगदी सोपं आहे: जगातली एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं प्रामाणिकपणे तिच्यामागून जाऊ द्यायचं.

जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा याचा उत्तम नमुना आहे. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले आणि लढाईचं पारडं फिरलं. नारळीकर ती गोळी किंचित बाजूने जाऊ देतात. तेवढाच बदल. मग पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर ज्या मुंबईत पोहोचतात, तिथे अजून ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आहे आणि बाकी देशाचा इतिहास वेगळ्याच वाटेने गेला आहे. ते वाचनालयात जाऊन हे सगळं इतिहासाच्या पुस्तकांतून पडताळतात. मला या कथेतली सर्वांत विलक्षण जागा वाटते ती मैदानावरच्या व्याख्यानाची. व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्चीच नाही. या दुसऱ्या जगात अध्यक्षांची प्रथाच बंद झालेली आहे, आणि सभांचं अध्यक्षपद भूषवण्यात हयात गेलेल्या गंगाधरपंतांना ते सहन होत नाही. राज्यं बदलली हे त्यांनी मानलं, खुर्ची गेलेली मात्र मानवली नाही. इतिहास बदलतो तेव्हा तख्तांबरोबर माणसांच्या बारीकसारीक सवयीही बदलतात, हे त्या एका खुर्चीने सांगितलं. त्यानंतर कथेत येणारा पुंजभौतिकीचा खुलासा कुणालाही जड जात नाही, कारण तोवर तो आपल्याला हवासा झालेला असतो.

नारळीकरांची सुरुवातही सांगण्यासारखी आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली होती. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी विज्ञानकथेच्या या नव्या वाटेची आवर्जून दखल घेतली. २०२१च्या नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांकडे आलं. २० मे २०२५ रोजी ते गेले. ज्यांनी त्यांचं काहीच वाचलेलं नाही त्यांनी 'यक्षांची देणगी' हा संग्रह उघडावा.

तिथून पुढे वाटा फुटतात. लक्ष्मण लोंढ्यांची 'दुसरा आइनस्टाइन', सुबोध जावडेकरांच्या माणसाच्या मनाभोवती फिरणाऱ्या कथा, बाळ फोंडके आणि निरंजन घाटे यांचं विपुल लेखन, अरुण साधूंची 'विप्लवा'. मराठी विज्ञानकथेचं कपाट पुष्कळ मोठं आहे, फक्त ते उघडून दाखवणारं कुणीतरी भेटावं लागतं.

लेखकाने घडवलेली जगं

अद्भुतकथा तर आपल्या जुन्या ओळखीची. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेल्या अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठी गद्याच्या उमेदीच्या काळातल्या. नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने कित्येक पिढ्या जागवल्या. गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या 'अरेबियन नाइट्स'चे सोळा खंड मराठीत आणले, आणि ते काम अजूनही पुरेसं वाचलं गेलेलं नाही.

जी. ए. कुलकर्णींना अद्भुतकथेच्या कपाटात ठेवलं की काही जणांना ते कमीपणाचं वाटतं. मला ते त्या प्रकाराचं मोठेपण वाटतं. 'रमलखुणा'तल्या 'इस्किलार' आणि 'प्रवासी' या दोन दीर्घकथांमधले प्रदेश कुठल्याही नकाशावर सापडत नाहीत. तिथली नावं, देव, शपथा, शिक्षा सगळं जी.एंनी रचलेलं आहे. नियतीसमोर माणूस किती आणि कसा उभा राहतो, हे तपासायला त्यांना ओळखीच्या जगाचे तपशील दूर सारायचे होते. अद्भुत लिहिणाऱ्याची हीच खरी गरज असते. टोल्किनची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही त्रयी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मराठीत आहे. इतक्या मोठ्या पटाला हात घालायचं धाडस होत नसेल, तर आधी 'इस्किलार' वाचून पाहा.

सध्या वाचतोय

सध्या माझ्या टेबलावर दोन पुस्तकं शेजारी शेजारी आहेत: नारळीकरांची 'वामन परत न आला' आणि मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन'. नारळीकरांच्या कादंबरीत खोल खोदकामात एक पेटी सापडते. एका लोप पावलेल्या प्रगत संस्कृतीने तीत आपलं ज्ञान ठेवलेलं असतं. त्या आधारे शास्त्रज्ञ वामन नावाचा यंत्रमानव घडवतात. तो हुशार आहे, उपयोगी आहे, आणि त्याला आपल्यासारखे आणखी हवे आहेत. फ्रँकेन्स्टाइनने घडवलेला जीवही आपल्या निर्मात्याकडे हेच मागतो: माझ्यासारखं कुणीतरी दे. दोन्ही ठिकाणी माणसाला पहिल्यांदा खरी भीती वाटते ती या मागणीची. यंत्रांच्या बुद्धीविषयी रोज काहीतरी कानांवर पडण्याच्या आजच्या काळात ही पुस्तकं एकामागून एक वाचली, तर आपले प्रश्न किती जुने आहेत ते कळतं.

'फ्रँकेन्स्टाइन'चा जन्मही सामूहिक वाचनातून झाला. १८१६च्या पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी काही मित्रमंडळी घरात अडकली होती. ती जर्मन भुतांच्या गोष्टींचं पुस्तक एकमेकांना वाचून दाखवत होती. कवी बायरनने सुचवलं की प्रत्येकाने एकेक भूतकथा लिहावी. मेरी तेव्हा अठरा वर्षांची होती. तिची कादंबरी १८१८ मध्ये आली. त्याच बैठकीतून निघालेली पोलिडोरीची 'द व्हॅम्पायर' १८१९ मध्ये छापली गेली, आणि रक्तपिपासू उमरावांची पुढची सगळी परंपरा तिच्यापासून चालू झाली. एकत्र बसून वाचणाऱ्यांनी काय घडवलं, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

कुणाला काय सांगाल?

पुस्तक सुचवताना पहिला नियम: लेखकाचं नाव सांगून थांबू नका, एक गोष्ट सांगा. 'धारप वाच' म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि विसरतो. 'धारपांची आजी वाच, एकच गोष्ट आहे' म्हटलं की तो वाचतो. दुसरा नियम: त्या माणसाला आधीपासून कशाची ओढ आहे ते पाहा.

इतिहासात रमणाऱ्याला 'गंगाधरपंतांचे पानिपत' द्या. इंग्रजी वाचत असेल तर पुढे फिलिप के. डिकची 'द मॅन इन द हाय कॅसल' (१९६२) सांगा, ज्यात दुसरं महायुद्ध जर्मनी-जपान जिंकतात. क्रिकेटवेड्याला नारळीकरांचीच 'उजव्या सोंडेचा गणपती' द्या. मोबियस पट्टीचं गणित त्याच्या गळी आपोआप उतरेल. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न द्या, 'चंद्रावर स्वारी'पासून. भागवतांची भाषा धावती आहे, ती मुलांना दमवत नाही. 'लुचाई' आवडली असेल त्याने मूळ 'सेलम्स लॉट'ही वाचावी, म्हणजे धारपांनी काय घेतलं आणि काय स्वतःचं घातलं हे दिसेल. जी.एंच्या वाचकाला उर्सुला ले ग्विनची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) सुचवा. स्वतःच मोकळ्या सोडलेल्या सावलीपासून पळणाऱ्या आणि शेवटी तिचा पाठलाग करणाऱ्या तरुण जादूगाराची ती गोष्ट जी.एंच्या जगाला फार जवळची आहे.

आणखी एक काळजी घ्या. भयकथा देताना भीती कोणत्या जातीची आहे ते आधी सांगा. ज्याच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, त्याच्या हाती मेलेली माणसं परत येण्याची कथा ठेवू नये. शेवट सांगू नका, पण सावध जरूर करा.

मागितलं तरच मिळेल

धारपांच्या कादंबऱ्या मध्यंतरी दुर्मीळ झाल्या होत्या. साकेत प्रकाशनाने त्या पुन्हा छापल्या, आणि नव्या पिढीने त्या घेतल्याही. मागणी टिकून राहिल्याशिवाय असं होत नाही, आणि मागणी टिकली ती जुन्या वाचकांनी नव्यांना सांगितल्यामुळे. वाचनालयात जे पुस्तक कुणी मागत नाही ते मागच्या फळीवर जातं आणि एक दिवस रद्दीत निघतं. लोंढ्यांची, जावडेकरांची, साधूंची पुस्तकं आपल्या वाचनालयात आहेत का, हे विचारून पाहा. नसली तर मागणी नोंदवा. दिवाळीत 'धनंजय' घेतला तर त्यातली आवडलेली एक कथा कुणाला तरी वाचायला द्या, आणि नव्या लेखकाचं नाव लक्षात ठेवा. या लेखकांना पुरस्कार कमी मिळाले, वाचक भरपूर मिळाले. पुढच्या लेखकांना ते मिळायचे असतील तर ते काम आपलं आहे. या आठवड्यात एका माणसाला एक गोष्ट सांगा, आणि त्याने ती वाचली की त्याला तिच्याविषयी विचारा.