कान पिळायला जागा हवी!

यवतमाळचा दुर्गोत्सव जवळ आला, की आमच्या घरात संगीताचे वारे शिरते. यंदा ते अंमळ जोरात शिरले. माझ्या पुतण्याने वर्षभर शिकवण्या करून पैसे साठविले होते. त्यांतून कीबोर्ड घ्यायचे त्याने ठरविले आणि अनुभवी माणूस म्हणून मला बरोबर नेले. (माझा अनुभव एवढाच, की लहानपणी मी पेटीचा भाता मारीत असे!)

"काकाजी, काही शिकायची गरजच नाही," दुकानदार म्हणाला, "बटन दाबा, अन् अख्खा बँड सुरू!" शेकडो आवाज, तितकेच ताल, शिवाय पट्ट्यांखाली दिवे. आम्ही भुललो.

आठच दिवसांत मुलगा हिरमुसला. यमनातल्या तीव्र मध्यमावरून पंचमाकडे मिंडेने जायचे, तर सूर वळवायचे चाकच नाही. पट्टी कुरवाळा की आपटा, आवाज तेवढाच! आवाज शेकडो खरे, पण एकही मनाजोगता बदलता येईना. "काका, मला काही हे जमणार नाही," असे म्हणून त्याने ते यंत्र कपाटावर टाकले. यंत्र फुकट गेले असते तरी चालले असते; पण मुलगा आपल्यालाच दोष देऊ लागला, हे मला खटकले.

मग मी त्याला सांगितले, की हे भांडण जुने आहे. पेटीची पट्टी दाबली, की ठरलेला सूर मिळतो; मींड मात्र मिळत नाही. याच कारणावरून १९४० साली नभोवाणीने पेटीला दार लावले, ते किलकिले व्हायला १९७१ साल उजाडले. त्याआधी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, आणि क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची खास पेटी घडविली. श्रुती वाढल्या, पण दोन पट्ट्यांमधली वाट बंदच राहिली.

म्हणजे सोपे यंत्र वाईटच का? मुळीच नाही! बंगळूरचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी तयार केली. पुढे तंबोराही असाच विजेवर वाजू लागला. गवयाचे ओझे हलके झाले. पण चांगल्या यंत्रावर सूर बारीक मिळविण्याची सोय राहिली. कष्ट वाचले, कान शाबूत राहिला.

याहून गमतीची गोष्ट जपानची. रोलँड कंपनीने १९८१ साली 'टीबी-३०३' नावाची छोटी पेटी काढली. एकट्या गिटारवाल्याला खर्जाची साथ मिळावी, हा हेतू. साथ काही खऱ्यासारखी वाजेना आणि १९८४ साली तिचे उत्पादन थांबले. परंतु तिच्यावर आवाज बदलण्याची गोल बटणे होती. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ साली तिच्यावर, इतर यंत्रांच्या जोडीने, दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बांधले. पुढे शिकागोच्या तरुणांनी जुन्या बाजारातली हीच पेटी घेतली, तिचे कान पिळपिळून पिळले, आणि १९८७ साली त्यांच्या तबकडीने नाचाच्या संगीताला नवे वळण दिले. करणाऱ्याने जे योजिले नव्हते, ते वाजविणाऱ्याला सापडले. कान पिळायला जागा होती म्हणून!

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत मुलांसाठी असे वाद्य घ्यायला निघालात, तर दुकानात तीन गोष्टी पाहा. पट्टी हळू वा जोरात दाबल्याने आवाज बदलतो का? सूर वळवायचे चाक आहे का? आवाज आणि ताल नुसते निवडायचे, की घडविताही येतात? आवाज किती, दिवे किती, हे शेवटी विचारा.

आमच्या चिरंजीवाने नवे यंत्र देऊन एका ऑर्केस्ट्रावाल्याचा जुना कीबोर्ड घेतला. कोपरे झिजलेले, दिवे नाहीत. पण डाव्या अंगाला चाक आहे. कोजागिरीच्या रात्री गच्चीवर दूध आटत असता त्याने यमन धरला. तीव्र मध्यम हलकेच पंचमाला जाऊन मिळाला, आणि जपमाळ ओढीत बसलेल्या आजी एकदम म्हणाल्या, "हं, आत्ता कसं!"