संगणकाच्या पोटातील वीजघर

सुटे भाग आणून घरच्या घरी संगणक जुळवण्याची हौस आता बेळगाव-निपाणीकडील मराठी घरांतही चांगली रुजली आहे. प्रोसेसर कोणता घ्यावा, रॅम किती असावी, ग्राफिक्स कार्ड यंदा घ्यावे की पुढील वर्षी, यावर घरात रात्री जागवल्या जातात. पैसा सारा तिकडे संपतो आणि अखेरीस उरलेल्या सातआठशे रुपयांत 'एक एसएमपीएस टाका' असे दुकानदारास सांगितले जाते. ज्या पेटीच्या भरवशावर बाकीचे सारे भाग जगायचे, तिची निवड अशी उरल्यासुरल्या पैशांत व्हावी, हे आम्हांस विपरीत वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

या पेटीचे काम सांगण्यास सोपे आहे. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज घ्यायची आणि संगणकास १२, ५ व ३.३ व्होल्टची एका दिशेने वाहणारी, स्थिर वीज द्यायची. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या 'पीसी'ला त्यासाठी ६३.५ वॅटची पेटी पुरत असे. आज नुसत्या ग्राफिक्स कार्डालाच त्याहून अधिक वीज लागते.

आता आमच्या भागातील विजेकडे वळू. दूधगंगेच्या अलीकडे, कर्नाटकात, 'हेस्कॉम'ची वीज आणि पलीकडे कागलला महावितरणची. रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी एकलय झाले, ही गोष्ट मोठीच. तथापि घरातील यंत्रे जळतात ती बहुधा कोपऱ्यावरच्या खांबामुळे. उन्हाळ्यात शेतीपंप सुरू झाले की खेड्यांतून व्होल्टेज खाली बसते. वैशाखात वळीव कोसळतो, कडाडून वीज पडते आणि तिचा झटका तारांतून घरात शिरतो. सर्वांत घातक म्हणजे खांबावरची न्यूट्रल तार तुटणे. तसे झाल्यास २३० व्होल्टच्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब एखाद्या घरात येऊ शकतो. अशा वेळी चांगली पेटी स्वतः बळी जाते, परंतु आतील भागांना सहसा धक्का लागू देत नाही. हलकी पेटी मरता मरता चार जणांना घेऊन जाते. आमच्या परिचयाच्या एका घरी असेच झाले. मदरबोर्डबरोबर हार्ड डिस्कही जळाली आणि तिच्यावर आजोबांनी सांगितलेल्या आठवणींचे ध्वनिमुद्रण होते. आजोबा आदल्या वर्षीच निवर्तले होते, आणि दुसरी प्रत कोणाकडेच नव्हती. मदरबोर्ड नवा आणता आला.

तेव्हा निवड कशी करावी? पेटीवर ठळक छापलेल्या वॅटच्या आकड्यावर विसंबू नये. बाजूच्या कोष्टकात १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे, कारण आजचा संगणक बहुतेक वीज तेथूनच घेतो. ३६ अँपिअर असतील तर १२ ने गुणून ४३२ वॅट होतात. ती पेटी ४५० वॅटची म्हणवून घेण्यास पात्र. '४५०' असे मिरवणाऱ्या पेटीवर १४ अँपिअर दिसले, तर हाती येतात अवघे १६८. बाकीचा आकडा केवळ शोभेचा! स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या घरगुती संगणकास खऱ्या ४०० वॅटची पेटी भरपूर होते. मध्यम कार्ड असल्यास ५५० पुरे. हजार वॅटची पेटी घेणे म्हणजे दोन माणसांच्या संसाराला लग्नघरचे पातेले.

त्याच कोष्टकात '१००-२४० व्होल्ट' असे लिहिलेले असावे. अशी पेटी उतरलेला दाब निमूट सोसते. जुन्या पेट्यांवर ११५ व २३० असे लाल बटण असते; ते चुकून ११५ वर राहिले तर खटका दाबताच पेटीचा निकाल लागतो. '८० प्लस' हे २००४ पासूनचे प्रमाणपत्र वीज किती वाया जाते ते सांगते, पेटी किती टिकेल ते नव्हे. शिवाय त्याची चाचणी सुमारे २३ अंश तापमानात होते. बेळगाव गरिबांचे महाबळेश्वर म्हणवत असले, तरी मे महिन्यात टेबलाखालच्या बंदिस्त कोपऱ्याचे काय? टिकाऊपणाचा अंदाज हमीवरून बांधावा. जो कारखानदार ५ किंवा ७ वर्षांची हमी देतो, त्याने आत १०५ अंशांचे कपॅसिटर वापरले असण्याचा संभव अधिक.

जुन्या वाड्यांतून आणखी एक अनुभव येतो. संगणकाच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येतात आणि दोष पेटीला दिला जातो. वस्तुतः पेटीतील गाळणीचे कपॅसिटर थोडीशी वीज पत्र्याकडे सोडतात आणि तिने अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावे अशी योजना असते. खोबणीला तिसरे छिद्र आहे पण त्यामागे तारच नाही, अशी घरे आमच्याकडे कमी नाहीत. तेथे पेटी बदलून उपयोग नाही, वायरमनला बोलवावे.

यूपीएस घेताना ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, बहुधा ३६०, हे ध्यानी असावे. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवायचा तर तो साईन वेव्हचा असावा आणि त्यावरील यूपीएसचे बटण चालू ठेवावे. दिवे गेल्यावर चांगली पेटीही सेकंदाचा साठावा भाग कशीबशी तग धरते. इन्व्हर्टरला त्याहून वेळ लागला की यंत्र बंद पडलेच. वळवाची गडगड ऐकू येताच मात्र प्लग आणि इंटरनेटची तार दोन्ही काढून ठेवावीत.

बंद पडलेली पेटी घरी उघडू नये. आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ साठून राहतो. नवी पेटी बसवताना जुन्या पेटीच्या सुट्या तारा तिला जोडू नयेत. टोके जुळतात, पण आतील क्रम प्रत्येक कारखानदाराचा वेगळा असतो आणि डिस्क क्षणात जाते. खरेदीच्या वेळी पक्क्या बिलावर पेटीचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि हमीत बदलून मिळणारी पेटी कोल्हापूरहून येणार, हुबळीहून की बेंगळुरूहून, व तोवर किती दिवस लागतील, हेही दुकानातच विचारून घ्यावे.