घाटमाथ्यावरचं इंधन

हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली सोडलं तर वीज किती मिळते? एक युनिटहून जराशी जास्त. घराच्या गच्चीवरची हजार लिटरची अख्खी टाकी लोणावळ्याहून खोपोलीत ओतली, तरी घरचा एसी तासभर चालेल, फार नाही. तेवढ्याच विजेसाठी औष्णिक केंद्रात साधारण पाऊण किलो कोळसा जळतो. मावळातली धरणं पाहताना हा हिशेब मनात असलेला बरा, कारण त्या अथांग पाण्याकडे बघून ‘विजेला काय तोटा!’ असं सहज वाटून जातं.

मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालत होत्या तेव्हा या शहराजवळ कोळशाची एकही खाण नव्हती. कोळसा यायचा तो बंगाल-बिहारकडून हजारभर मैल रेल्वेने, नाहीतर समुद्रमार्गे. गिरणीच्या खर्चात इंधन हा मोठा आकडा, आणि धूर वेगळाच. उलट बोरघाटाच्या माथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच्या पायथ्यापासून मुंबई अवघी सत्तर किलोमीटर. या पाण्यावर वीज करायची कल्पना डेव्हिड गोस्टलिंग यांनी मांडली, जमशेटजी टाटांनी उचलून धरली. जमशेटजी १९०४ साली गेले. टाटांची वीज कंपनी १९१० मध्ये उभी राहिली. १९११ मध्ये लोणावळ्यात पायाभरणी झाली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं. वळवण, लोणावळा आणि शिरोता इथे पाणी अडवायचं, कालव्याने खंडाळ्यापर्यंत आणायचं आणि तिथून पोलादी नळांतून पाचशे मीटर खाली सोडायचं, अशी ही योजना. मग ठोकळवाडीच्या पाण्यावर भिवपुरी (१९२२) आणि मुळशीच्या पाण्यावर भिरा (१९२७) ही केंद्रं आली.

१७७९ साली याच घाटाने वर आलेल्या इंग्रज फौजेला वडगावात मराठ्यांना शरण यावं लागलं होतं. पुढे सव्वाशे-दीडशे वर्षांत मुंबईने मावळाकडून पाणी नेलं, आणि या खेपेला मावळ्यांच्या हाती काही उरलं नाही.

‘टाटांची धरणं’ म्हणून आपण कौतुकाने बोलतो, पण मुळशीची गोष्ट त्या कौतुकात बसत नाही. नीला-मुळेच्या खोऱ्यातल्या गावांची भातखाचरं आणि देवळं पाण्याखाली जाणार होती. मोबदला घ्या आणि उठा, असा सरकारचा आणि कंपनीचा पवित्रा. १९२१ साली रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे, सेनापती बापट पुढे होते; बायामाणसंही कामाच्या जागी जाऊन बसली, तुरुंगात गेली. तीन वर्षांत लढा मोडला आणि धरण पूर्ण झालं. धरणाविरुद्ध विस्थापितांनी दिलेल्या जगातल्या सुरुवातीच्या लढ्यांत तो गणला जातो. गिरण्यांचा कोळसा वाचला हे खरं. त्याची किंमत मुंबईने मोजली नाही, हेही तितकंच खरं.

आता मिळकतीचा आकडा. या तीन केंद्रांसाठी भीमेच्या खोऱ्यातून वर्षाकाठी सुमारे ४२ टीएमसी पाणी पश्चिमेला वळतं. म्हणजे ११९ कोटी घनमीटर. वरच्या हिशेबाने वीज झाली साधारण १३५ ते १४० कोटी युनिट. भारतात माणशी वीजवापर आज वर्षाला चौदाशे युनिटच्या घरात आहे, तेव्हा या सगळ्या पाण्यावर दहा लाख माणसांची गरज भागेल. २०११ च्या जनगणनेत एकट्या पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सतरा लाखांवर होती! चाकण-तळेगावचे कारखाने आहेत, ते वेगळेच. हेच पाणी पूर्वेला गेलं असतं तर उजनीला पोहोचलं असतं, म्हणून दुष्काळात सोलापूर जिल्ह्याकडून त्याची मागणी होते. पण वीज काढून झालेलं पाणी खाली वाया जात नाही. पाताळगंगा, उल्हास आणि कुंडलिकेच्या काठची शहरं आणि कारखाने आता त्यावरच जगतात. ते परत वळवा म्हणणं सोपं आहे, करणं नाही.

मग शंभर वर्षांपूर्वीची ही केंद्रं आजही महत्त्वाची का? कारण ती वेळेला धावून येतात. औष्णिक संच थंड पडला की पूर्ण ताकदीने उभा राहायला कित्येक तास लागतात. पेल्टन चक्रावर, म्हणजे इथल्या जलचक्रावर, पाणी सोडलं की काही मिनिटांत वीज. देशाची मागणी ३० मे २०२४ रोजी सुमारे अडीच लाख मेगावॅटवर गेली होती. दुपारच्या मागणीत सौर वीज हातभार लावते. अडचण सूर्य मावळल्यावर येते, तेव्हा दिवे, पंखे, एसी सगळेच चालू असतात आणि पॅनेल झोपलेली. देशात वर्षाला शंभर कोटी टनांहून जास्त कोळसा निघतो, आणि त्या तासांत भिस्त मुख्यतः त्यावरच असते.

यावर उपाय म्हणजे पंप्ड स्टोरेज. दुपारची जादा वीज वापरून खालचं पाणी पुन्हा वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडायचं. शंभर युनिट घालून पंच्याहत्तर-ऐंशी परत मिळतात, म्हणजे हा तोट्याचाच व्यवहार, पण दुपारच्या स्वस्त युनिटचं संध्याकाळी मोल वाढलेलं असतं. भिऱ्याला असा १५० मेगावॅटचा संच आहेच. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी आणखी २८०० मेगावॅटचा करार केला: शिरोत्याला १८०० आणि भिवपुरीला १००० मेगावॅट, अंदाजे खर्च १३ हजार कोटी रुपये.

घाटाच्या उताराचा असा उपयोग नवा नाही. पूर्वी बोरघाटात धावलेली, चालकांनी ‘खेकडा’ नाव दिलेली विद्युत इंजिनं उतारावर ब्रेक लावताना वीज तारेत परत सोडायची आणि ती वर चढणाऱ्या गाडीच्या कामी यायची.

माझ्या मते हे पंप्ड स्टोरेजचे प्रकल्प व्हावेत. कोळशाला पर्याय शोधायचा तर सौर ऊर्जा साठवावीच लागेल, आणि असा उंच, मुंबईजवळचा उतार सहज सापडत नाही. मात्र १९२१ सारखं, आधी ठरवायचं आणि मग गावाला कळवायचं, असं होऊ नये. शिरोत्याच्या आसपासच्या गावकऱ्यांनी प्रकल्पाचा मराठीतला अहवाल मागून घ्यावा आणि विचारावं: किती जमीन जाणार, किती जंगल तुटणार, उन्हाळ्यात गावाचं पाणी कोण राखणार, आणि साठवलेल्या विजेतली गावाला किती? उत्तर लेखी घ्यावं आणि ते ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावं.